आरोग्य कार्यक्रमांचं मूल्यमापन: गोव्यात काम करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर, परिचारिका, बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी, अंगणवाडी सेविका, पंचायतीचे पंच आणि छोट्या संस्था यांच्यासाठी आहे. यातले बहुतेक प्रश्न प्रशिक्षणात चहाच्या वेळी विचारले गेले. सत्र चालू असताना सगळे माना डोलावतात, खरी शंका कप हातात आल्यावर बाहेर पडते.

मूल्यमापन म्हणजे तपासणीच ना? कुणाला तरी मेमो मिळणार?

नाही. गावात या शब्दाची धास्ती आहे ती याच गैरसमजामुळे. तपासणीत बघतात ते नियमाप्रमाणे झालं का, आणि लेखापरीक्षणात पैसा कुठं गेला. देखरेखीत दर महिन्याला काम चाललंय का एवढं कळतं. मूल्यमापनाचा प्रश्न निराळा आहे: या कामामुळे लोकांच्या तब्येतीत फरक पडला का, कुणाला पडला, कुणाला नाही, आणि का?

आरोग्य केंद्रातल्या लसीच्या फ्रीजचं तापमान दिवसातून दोनदा वहीत लिहिलं जातं का, हे बघणं म्हणजे देखरेख. तापमान चोख आहे, वही चोख आहे, तरीही त्याच हद्दीतल्या बांधकामावरच्या मजुरांची मुलं लसीविना का राहतात, हे शोधणं म्हणजे मूल्यमापन. पहिल्या कामाला वही पुरते, दुसऱ्यासाठी साइटवर जावं लागतं, आणि तेही संध्याकाळी सहानंतर.

सुरुवात कुठून करायची? प्रश्नावलीपासून?

प्रश्नावली सर्वांत शेवटी. आधी कोणता निर्णय अडलाय ते शोधा. कागदावर एकच वाक्य लिहा: "अमुक दिसलं तर आम्ही तमुक करू." ते लिहिता आलं नाही तर मूल्यमापनाची वेळ अजून आलेली नाही, असं खुशाल समजा.

समजा, काणकोणच्या किनाऱ्यालगतच्या एका केंद्रानं रक्तदाब आणि मधुमेहासाठी आठवड्यातून एकदा संध्याकाळची ओपीडी सुरू केली. होडीवर जाणारे पुरुष सकाळी येऊ शकत नाहीत, असा विचार त्यामागं होता. सहा महिन्यांनी ती चालू ठेवायची की बंद करायची? मग वाक्य असं होईल: "संध्याकाळी येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त माणसं सकाळच्या ओपीडीला कधीच न आलेली असतील तर चालू ठेवू. सकाळचेच रुग्ण गर्दी टाळायला संध्याकाळी येत असतील तर वेळ बदलून बघू." आता काय मोजायचं ते आपोआप ठरलं. संध्याकाळी किती रुग्ण आले, हा आकडा एकटा निरुपयोगी आहे. ते आधी कुठं जात होते, हे विचारायला हवं. केसपेपरवर एक जादा रकाना वाढवला की काम भागतं.

हे मी उशिरा शिकलो. माझ्या पहिल्या मूल्यमापनात मी किती भित्तिपत्रकं लागली, किती सभा झाल्या, किती पत्रकं वाटली हे सगळं मनापासून मोजलं होतं. अहवाल जाडजूड झाला. तो वाचून कुणी काही बदलावं असं त्यात एकही पान नव्हतं, आणि कुणी बदललंही नाही.

कुठली चौकट वापरावी? वरून येणाऱ्या कागदांत नावं फार असतात.

एक पुरे. अमेरिकेच्या सीडीसीची, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेची, चौकट खूप वापरात आहे. ती १९९९ मध्ये आली आणि २०२४ मध्ये सुधारली गेली. त्यात सहा पायऱ्या आहेत: परिस्थिती समजून घेणं, कार्यक्रमाचं वर्णन करणं, प्रश्न आणि पद्धत ठरवणं, विश्वासार्ह पुरावा गोळा करणं, निष्कर्ष काढणं आणि त्यावर कृती करणं. आपल्याकडे चौथ्या पायरीवर सगळा घाम गळतो. पहिल्या तीन पायऱ्या शेवटच्या आठवड्यात लिहून काढतात, आणि सहावी पुढच्या अधिकाऱ्याच्या वाट्याला येते.

"कार्यक्रमाचं वर्णन" म्हणजे काय लिहायचं? योजनेचं परिपत्रक जोडलं तर?

परिपत्रकात काय व्हायला हवं ते असतं. तुम्हाला साखळी काढायची आहे: एका माणसाच्या बाबतीत पहिल्यापासून शेवटपर्यंत काय घडावं लागतं.

स्तनाच्या कर्करोगाची तपासणी घ्या. बाईला शिबिराची खबर मिळाली. ती आली. तपासणी झाली. संशय आला. तिला पुढं पाठवलं. ती बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) खरंच पोचली. तिथं निदान झालं. उपचार सुरू झाले आणि पुरे झाले. आठ कड्या झाल्या. वर्तमानपत्रात बातमी येते ती तिसऱ्या कडीची, "इतक्या हजार महिलांची तपासणी." जीव वाचतो तो शेवटच्या कडीवर. साखळी बहुधा पाचवी आणि सहावी कडी यांच्यामध्ये तुटते, कारण संशय आलेली बाई घरी जाते, चतुर्थी होऊ दे म्हणते, मग मुलीचं लग्न उरकू दे म्हणते. तुमच्या मूल्यमापनाला एकच गोष्ट मोजणं परवडत असेल तर ही मोजा: संशयित ठरलेल्यांपैकी किती जणी महिन्याभरात इस्पितळात पोचल्या.

मग मोजायचं ते नक्की कसं निवडायचं? रक्तदाबाचं उदाहरण द्या.

रक्तदाब कार्यक्रमात तीन आकडे फिरत असतात: किती जणांचा दाब तपासला, किती जणांची नोंदणी झाली आणि किती जणांचा दाब आटोक्यात आहे. पहिला आकडा फुगवणं सर्वांत सोपं, फेस्ताच्या दिवशी देवळाबाहेर किंवा इगर्जीबाहेर टेबल मांडलं की झालं. महत्त्वाचा तिसरा. तोही नीट मोजायचा तर एक युक्ती पाळा. मागच्या तिमाहीत नोंदवलेले सगळे रुग्ण घ्या, आणि त्यांपैकी या तिमाहीत १४०/९० च्या खाली किती आहेत ते बघा. जे आलेच नाहीत ते "माहीत नाही" म्हणून वगळू नका, त्यांना "आटोक्यात नाही" या बाजूला धरा. आलेल्यांपुरतंच मोजलं तर औषध नियमित घेणारेच तेवढे मोजले जातात, टक्का सुरेख दिसतो आणि ज्यांच्यासाठी कार्यक्रम काढला ते हिशोबाबाहेर राहतात.

टक्केवारी काढताना भाजकावर एवढा जोर का देता?

गोव्यात भाजक, म्हणजे टक्का ज्याच्यावर काढतो तो खालचा आकडा, फसवतो म्हणून. आणि हा प्रश्न मला आवडतो म्हणूनही, उत्तर लांबेल.

डेंग्यूच्या पाहणीत घर निर्देशांक काढतात: तपासलेल्या दर शंभर घरांपैकी किती घरांत डासांच्या अळ्या सापडल्या. ब्रेटो निर्देशांकात दर शंभर घरांमागं अळ्या असलेली भांडी किती ते बघतात. समजा एका वाड्यावर २०० घरं तपासली, १८ घरांत अळ्या मिळाल्या आणि अशी भांडी २६ निघाली. घर निर्देशांक ९, ब्रेटो १३. गणितात चूक नाही. पण त्या वाड्यावर घरं २०० नव्हेत, २६० आहेत. साठ घरांना कुलूप आहे. मालक मुंबईत, पोर्तुगालमध्ये, आखातात, किंवा ती दिल्लीवाल्याची सुट्टीतली जागा आहे. त्या कुलूपबंद घरांच्या अंगणात टाकी उघडी, गच्चीवर पाणी तुंबलेलं, परसात नारळाच्या करवंट्या पडलेल्या. म्हणजे डासांना सर्वांत सोयीची घरं नेमकी भाजकातून गळाली. अहवालात "तपासलेली घरं" याच्या शेजारी "बंद घरं" हा रकाना ठेवा आणि तो आकडा पहिल्या पानावर छापा. बंद घरं एक पंचमांशाहून जास्त असतील तर निर्देशांकाआधी पंचायतीशी चाव्यांबद्दल बोला.

उलट बाजूचं, भाजक नीट सांभाळल्याचं उदाहरणही आपल्याच राज्यातलं आहे. मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य सरकार यांच्या मोहिमेत कुत्र्यांचं सामूहिक लसीकरण झालं. रेबीजचा फैलाव रोखायला साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस मिळायला हवी, हे जागतिक पातळीवर मान्य आहे. पण ७० टक्के कशाचे? गोव्यात भटकी आणि मोकळी सोडलेली कुत्री किती, हे नेमकं कुणालाच ठाऊक नसतं. त्यावर त्यांनी साधा उपाय केला. लस दिलेल्या कुत्र्याच्या अंगावर रंगाची खूण करायची, नंतर दुसऱ्या पथकानं त्याच भागात फिरून दिसतील ती कुत्री मोजायची, खुणेची किती आणि बिनखुणेची किती. नोंदी मोबाइलवर जागेसकट. टक्का कमी निघाला तर पथक त्या भागात परत पाठवायचं. एकूण संख्या माहीत नसतानाही हिस्सा काढता येतो, आणि उत्तर वर्षअखेरीला नव्हे तर मोहीम चालू असतानाच हाती येतं. मूल्यमापनाचा उपयोग कसा करावा हे कुणी विचारलं तर मी आधी या रंगाच्या खुणा दाखवतो. जून २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित म्हणून जाहीर झालेलं देशातलं पहिलं राज्य ठरलं, त्यामागं या खुणांचं काम मोठं आहे.

आमचा कार्यक्रम सुरू झाल्यावर रुग्णसंख्या वाढली. म्हणजे फसला?

आधी बघा, शोध वाढला का. चाचण्या वाढल्या, डॉक्टर जागरूक झाले, लोक यायला लागले की आकडा काही काळ वर जाणारच. क्षयरोगाच्या शोधमोहिमेत तर तो वर गेला नाही तरच काळजी करावी. म्हणून रुग्णांच्या शेजारी चाचण्यांची संख्या कायम लिहा.

रेबीजच्या कामात उलटं दिसलं, आणि म्हणूनच ते पटतं. मोहिमेबरोबर संशयित कुत्र्यांचा शोध आणि तपासणीही वाढवली होती. शोध वाढूनही कुत्र्यांमधली रेबीजची मासिक प्रकरणं ९२ टक्क्यांनी घटली, असं २०२२ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये प्रसिद्ध झालं.

आणि कमी झाली तर यश आपलंच ना?

मोहीम कधी सुरू केली ते सांगा. ऑक्टोबरात? मग थांबा. पाऊस ओसरला की डास उतरतात, डेंग्यूही उतरतो, तुम्ही फवारणी करा वा न करा. आणि मोहीम सुरू होते तीच मुळी ओरड शिगेला पोचल्यावर, म्हणजे आकडा सर्वांत वर असताना. त्यानंतर तो खालीच येणार. जानेवारीची तुलना ऑक्टोबरशी करू नका, मागच्या तीन-चार वर्षांच्या जानेवारीशी करा. शेजारच्या ज्या केंद्रात मोहीम नव्हती तिथलेही तेच महिने मागवा. दोन फोनचं काम आहे.

सत्तरीत माकडतापाच्या बाबतीत हेच भान लागतं. हा आजार गोचिडीमुळे होतो, आणि तो साधारण डिसेंबर ते मे या काळात डोकं वर काढतो. नेमका तेव्हाच काजूचा हंगाम, माणसं पहाटेपासून रानात. २०१५ मध्ये पाळी गावात तो आढळला तेव्हापासूनचे आकडे लावायचे तर कॅलेंडर वर्षानं लावू नका, एकच साथ दोन वर्षांत चिरली जाते. जून ते मे असं वर्ष धरा. जुन्या लसीबद्दल कर्नाटकात झालेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला: दोन डोसांनी संरक्षण ६२.४ टक्के, बूस्टर घेतल्यास ८२.९. पुढं ती लस वापरातून गेली. पण त्या अभ्यासातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे: "किती जणांना लस दिली" इथं न थांबता "डोस पुरे किती जणांचे झाले" हे विचारावं. पहिला डोस पंचायतीच्या सभागृहात सकाळी दहाला आणि दुसरा महिन्याभरानं ऐन काजूत ठेवला, तर दुसऱ्या डोसाला कोण येणार?

तुलनेचा गट हवाच का? लोकांना उपचार न देता ठेवणं बरं नव्हे.

उपचार रोखून धरा असं कुणी म्हणत नाही. तुलना मात्र हवी. का, ते सांगायला गोव्यातल्याच एका अभ्यासाइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

सांगात ही मानसिक आरोग्यावर काम करणारी पर्वरीची संस्था, आणि डॉ. विक्रम पटेल यांच्यासारखे संशोधक. त्यांनी नैराश्य आणि चिंता असलेल्या रुग्णांसाठी 'मानस' नावाचा प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी रुग्णांना आधार द्यायचा, गरज पडेल तशी पुढची पायरी गाठायची. २४ ठिकाणं निवडली: १२ सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रं, १२ खासगी दवाखाने. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काहींना ही सेवा दिली, बाकीच्यांत नेहमीची सेवा चालू राहिली. एकूण २,७९६ रुग्ण. निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले.

आता आधी फक्त सेवा मिळालेले रुग्ण बघा. सहा महिन्यांनी सरकारी केंद्रांत ६५.९ टक्के बरे झालेले, खासगीत ६४.१ टक्के. तुलनेचा गट नसता तर अहवालात लिहिलं गेलं असतं, "कार्यक्रम दोन्हीकडे सारखाच यशस्वी." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. आता तुलनेचा गट बघा. सरकारी केंद्रांत नेहमीच्या सेवेवर ४२.५ टक्केच बरे झाले होते. खासगीत नेहमीच्या सेवेवरच ६५.९ टक्के. म्हणजे सरकारी केंद्रांत समुपदेशकानं शंभरातल्या तेवीस जादा माणसांना सावरलं, आणि खासगी दवाखान्यात काहीच भर घातली नाही. कदाचित ओळखीचा डॉक्टर आधीच दोन शब्द निवांत बोलत असेल.

समुपदेशक कुठं नेमायचे, हा निर्णय तुलनेच्या गटातल्या आकड्यांवर ठरतो.

तुमच्याकडे चिठ्ठ्या टाकण्याची सोय नसेल. हरकत नाही. मनुष्यबळ कमी म्हणून योजना टप्प्याटप्प्यानंच सुरू होते ना? मग पहिल्या टप्प्यातल्या उपकेंद्रांची तुलना दुसऱ्या टप्प्याची वाट बघणाऱ्यांशी करा. कुणाला काही नाकारलं जात नाही. अट एकच: पहिला टप्पा "चांगलं चालणारी" उपकेंद्रं निवडून करू नका, नाहीतर योजना नव्हे, परिचारिकेचा उत्साह मोजला जाईल.

वर्षभर काम झालं, आता मूल्यमापन करायला सांगितलंय. सुरुवातीची मोजणी केलीच नव्हती.

नव्वद टक्के लोकांची हीच गोष्ट (हा आकडा माझ्या वैतागातून आलाय, पाहणीतून नव्हे). जुन्या वह्या काढा: ओपीडी, प्रयोगशाळा, औषधभांडाराची मागणी, शाळेची हजेरी, अंगणवाडीतली वजनं. लोकांना "वर्षापूर्वी कसं होतं?" विचारू नका, आठवणीत माणसं समोरच्याचं मन राखतात. विशेषतः विचारणारी रोज घरी येणारी परिचारिका असेल तर.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे वापरले तर चालतील?

परिस्थिती समजायला उत्तम. तुमच्या कार्यक्रमाचा निकाल लावायला नाही.

उदाहरण बघा. गोव्यातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत रक्तक्षय चौथ्या पाहणीत ३१.३ टक्के होता, पाचवीत ३९. मधल्या काळात, २०१८ मध्ये, अ‍ॅनिमियामुक्त भारत हा लोहाच्या गोळ्या देणारा कार्यक्रम सुरू झालेला. यावरून "गोळ्या फुकट गेल्या" असं कुणी म्हणालं तर ती उडी आहे. पाहणी दोन वेगळ्या गटांची, गोळ्या कुणी गिळल्या हे तिला ठाऊक नाही, आणि रक्तक्षयाची सगळी कारणं लोहाच्या कमतरतेत बसत नाहीत. शिवाय गोवा छोटा, म्हणून नमुनाही छोटा. पाचव्या पाहणीत इथं दोन हजारांच्या आसपास स्त्रिया होत्या आणि पुरुष तीनशेच्या आसपास. तालुक्याचं चित्र त्यातून निघत नाही, आणि पुरुषांच्या दारूतंबाखूचे आकडे दशांश चिन्हापर्यंत उद्धृत करणं म्हणजे धाडस आहे.

तुमच्या हद्दीसाठी वेगळी साखळी मोजा: गोळ्या भांडारात होत्या का, गरोदर बाईच्या हातात पडल्या का, तिनं घेतल्या का, नसतील तर का नाही. "शी काळी होते, मळमळतं" हे उत्तर कुठल्याही राष्ट्रीय पाहणीत मिळणार नाही आणि उपाय मात्र तिथंच आहे.

वरून आलेल्या तक्त्यात "आशा कार्यकर्ती" असा रकाना आहे. काय भरायचं?

शून्य भरू नका, "लागू नाही" लिहा. इतर राज्यांसारखी आशांची साखळी गोव्यात नाही. इथं घरोघरी जाते ती एएनएम (उपकेंद्राची परिचारिका), बहुउद्देशीय कर्मचारी आणि अंगणवाडी सेविका. शून्य भरलं की दिल्लीत बसलेल्याला वाटतं, पदं रिकामी आहेत.

मुलाखती कुठल्या भाषेत घ्यायच्या? आमचे छापील फॉर्म मराठीत आहेत.

फॉर्म मराठीत असू दे, तोंड कोकणीत असू दे. पेडण्यात, सत्तरीत मराठी वाचणारे घरोघरी आहेत, पण दुखणं सांगताना माणूस घरच्या भाषेत सांगतो. सासष्टीत तर रोमी (रोमन लिपीतली कोकणी) वाचणारेही भेटतील. बांधकामावर, बंदरावर, बागायतीत कन्नड आणि हिंदी लागणार, आणि त्यासाठी मुकादमाला दुभाषा करू नका. त्याच्यासमोर कुणी खरं बोलत नाही. भाषांतर झाल्यावर दुसऱ्या माणसाकडून ते उलट मराठीत करून घ्या, घोळ तिथं सापडतात. "थकवा" या एका शब्दावर आम्ही एक दुपार घालवली आहे.

आणि आकड्यांबरोबर दहा-बारा निवांत मुलाखती घ्याच. त्यातही जे कार्यक्रम सोडून गेले त्यांच्या. टिकून राहिलेले रुग्ण तुमचं कौतुकच करतील.

नैतिकता समितीची परवानगी लागते का?

आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, सरकारी यंत्रणेनं केवळ कार्यक्रम सुधारण्यासाठी केलेलं आणि व्यक्तीची ओळख न पटणारं मूल्यमापन सूट मिळण्याजोगं असतं. पण सूट द्यायची की नाही हे समिती ठरवते, तुम्ही नव्हे. पुढं लेख छापायचा विचार असेल तर आधीच अर्ज करा, नंतर कुणी मागच्या तारखेनं परवानगी देत नाही.

ओळख लपवणं गोव्यात कठीण आहे, हे कागदावरच्या नियमांपेक्षा महत्त्वाचं. "अमुक वाड्यावर क्षयरोगाचे ३ रुग्ण, पैकी १ स्त्री" एवढं छापलं की सगळ्या गावाला नाव कळतं. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा कायदाच गोपनीयता मागतो. पाचपेक्षा लहान आकडा वाड्याच्या पातळीवर छापू नका, दोन-तीन वाडे एकत्र करा.

खर्च किती धरावा?

कार्यक्रमाच्या पाच ते दहा टक्के, अशी रूढ सूचना आहे. छोट्या केंद्राला तेवढेही नसतात. मग पैशाऐवजी वेळ धरा: महिन्यातली एक दुपार, एक माणूस, एक वही. त्यात वीस केसपेपर यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकाव्यात तसे) काढून एकच प्रश्न तपासता येतो. दर महिन्याला तोच प्रश्न.

मूल्यमापन बाहेरच्यानं करावं की आपणच?

कार्यक्रम चालू ठेवायचा की बंद, असा प्रश्न असेल तर बाहेरचा बरा. आपलं मूल कुणाला काळं दिसत नाही. कार्यक्रम सुधारायचा कसा, असा प्रश्न असेल तर आतलाच बरा, कारण बुधवारी बाजार असतो म्हणून लसीकरणाला कुणी येत नाही, हे त्याला ठाऊक असतं. मध्यममार्ग असा: मोजणी आपण करावी, पण शेजारच्या केंद्राच्या माणसांनी आपली आणि आपण त्यांची.

निष्कर्ष वाईट निघाला तर दाबून टाकतील, मग कशाला करायचं?

भीती खोटी नाही. म्हणून निष्कर्ष येण्याआधीच तीन गोष्टी लिहून, सही घेऊन ठेवा: प्रश्न काय, यश कशाला म्हणायचं आणि अहवाल कुणाकुणाला जाणार. आकडा आल्यावर यशाची व्याख्या बदलण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. आणि वाईट बातमी साहेबांना बैठकीत सगळ्यांसमोर देऊ नका, आदल्या दिवशी एकट्याला गाठून सांगा. बैठकीत त्यांना उत्तरासकट बोलता आलं पाहिजे. याला लाचारी म्हणणारे आहेत. मी याला अहवाल वाचला जाण्याची किंमत म्हणतो.

"कार्यक्रम अपयशी" असं लिहिण्याआधी एक खात्री करा: कार्यक्रम झाला होता का? वर्षात चार महिने औषधच नव्हतं, समुपदेशकाचं पद सात महिने रिकामं होतं, तर कल्पना चुकीची ठरत नाही, तिला संधीच मिळालेली नाही. हे दोन वेगळे निष्कर्ष आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे.

अहवाल कसा लिहावा, म्हणजे वाचला जाईल?

आरोग्याधिकाऱ्यांसाठी दोन पानं: पहिल्यावर निर्णय आणि त्यामागचे तीन आकडे, दुसऱ्यावर कोणी, कधीपर्यंत, काय करायचं. सविस्तर भाग मागे जोडा. रोगी कल्याण समितीसाठी पैशाचा हिशोब ठळक. ग्रामसभेसाठी कागद नकोच. मोठ्या कागदावर वाड्यांचा हातानं काढलेला नकाशा न्या, कुठं काम पोचलं तिथं एक रंग, कुठं नाही तिथं दुसरा. लोक आधी आपला वाडा शोधतात, मग शेजारचा, आणि मग पंचांना प्रश्न विचारायला लागतात. ग्रामसभा रविवारी असते, गणपूर्ती जेमतेम होते आणि पहिला तास गटार, रस्ता, कचरा यात जातो. सरपंचांना आधी भेटून विषय पहिल्या तिनांत घालून घ्या.

आमच्या केंद्रात मी एकटीच एएनएम. हे सगळं मला कसं जमणार?

सगळं करूच नका. ताई, तुमच्या नोंदवहीत या महिन्यात यायला हवी होती आणि आली नाहीत अशी मुलं, गरोदर बायका, रक्तदाबाचे रुग्ण यांची यादी करा. त्यातल्या पाच घरी जा, किंवा फोन करा, आणि विचारा: "आला का नाहीत?" रागावून नव्हे. उत्तरं जशीच्या तशी लिहा, त्यांच्याच शब्दांत. बस चुकली, वेळ जमत नाही, मागच्या वेळी सुईचा हात सुजला, सासू नको म्हणाली, कुणी सांगितलंच नाही. तीन महिन्यांत पंधरा उत्तरं जमतील. ती वही घेऊन तुमच्या डॉक्टरांसमोर बसा आणि ज्या कारणाखाली सर्वांत जास्त रेघा पडल्यात, ते एकच पुढच्या तिमाहीसाठी उचला. बस चुकत असेल तर सत्राची वेळ अर्धा तास पुढं ढकला, आणि पुढच्या महिन्यात ती यादी पुन्हा करा.